वकिलाची सोय

हातात दोरी होती, दोरीला गळपट्टा होता, पण गळपट्ट्यात कुत्रा नव्हता.

सुईताई गल्लीच्या तोंडाशी तशीच उभी राहिली. आत्ताच एका ट्रकचं टायर फाडकन फुटलं, कुत्र्यानं हिसका देऊन मान बाहेर काढली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तो दिसेनासा झाला.

कुत्रा तिचा नव्हता. वरच्या मजल्यावरच्या काका-काकूंचा होता, आणि ते तिचे घरमालक. खाली एका खोलीत तिचं शिवणाचं दुकान होतं, म्हणून गल्लीनं तिचं नाव सुईताई ठेवलेलं. काकूंना कित्येक वर्षं धड दिसत नव्हतं, आणि आता त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन दुसऱ्या शहरात होतं. कुत्र्याची सोय कुणाकडे करायची, तर सुईताईकडे. ती भिडेला बळी पडली आणि हो म्हणून बसली.

कुत्रा मुळात त्यांच्या मुलाचा. मुलगा अपघातात गेला, कुत्रा मागे राहिला. काकूंचा सगळा जीव आता त्याच्यात होता.

"हा असा गप्प नव्हता गं," निघताना काकू म्हणाल्या होत्या. "कावळ्याशीसुद्धा वाद घालायचा, म्हणून तर नाव वकील ठेवलं. पोरगा गेला त्या वर्षी यानंही तोंड मिटलं. मुक्या जनावराला कळतं सगळं."

काका मात्र एकच पालुपद लावून बसले होते. "दोरी सोडू नकोस. एक वेळ दुकान उघडं टाक, पण दोरी सोडू नकोस." सुईताईला तेव्हा वाटलं होतं, म्हातारपणी माणूस फारच किरकिरा होतो.

पर्समधला फोन वाजला. काकाच होते.

"ऑपरेशन उत्तम झालं बघ. उद्या निघतोय. डॉक्टरांनी एकच बजावलंय, इतक्यात हिच्या डोळ्यांतून पाणी यायला नको. रडली तर सगळं मुसळ केरात. वकील बरा आहे ना?"

"बरा आहे," सुईताई म्हणाली आणि तिनं घाईनं फोन ठेवला.

उद्या काकू दारात येणार, कुत्रा कुठाय म्हणून विचारणार, आणि मग रडणार. रडणारच. नुकतीच परत आलेली नजर आपल्या एका हलगर्जीपणापायी जाईल, या विचारानं तिला दरदरून घाम फुटला.

ती वेड्यासारखी रस्तोरस्ती फिरली. "वकील! ए वकील!" कोर्टासमोर दोन माणसं वळून बघायला लागली. एरवी ती पोट धरून हसली असती. आता तिला फक्त रडू फुटायचं बाकी होतं.

बाजारामागच्या गॅरेजपाशी तिनं पुन्हा हाक मारली आणि एका मोडक्या गाडीखालून तपकिरी डोकं बाहेर आलं. छातीवर वकिलाच्या होता तसाच पांढरा डाग! तिचा जीव भांड्यात पडला. पण जवळ गेल्यावर तो जीव पुन्हा उडाला. हा हाडकुळा होता, डावा कान फाटलेला होता, आणि वर तो मेकॅनिकवर तोंड टाकून भुंकत होता.

"कुणाचा आहे हा?"

"कुणाचा नाही. इथंच पडून असतो आणि दिवसभर भांडतो," मेकॅनिक वैतागून म्हणाला. "न्यायचाय? न्या की! पेढे वाटतो."

सुईताईनं गळपट्ट्याकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे. फसवणूक होती ही, सरळसरळ फसवणूक. पण काकूंचे डोळे बरे होईपर्यंतच, असं तिनं स्वतःला समजावलं. तिनं बिस्कीट पुढे धरलं, कुत्र्यानं मान पुढे केली.

घरी आणून तिनं त्याला साबण लावून न्हाऊ घातलं. हे ध्यान शिवणयंत्रावर भुंकलं, कात्रीवर भुंकलं, आरशातल्या स्वतःवरही भुंकलं. गप्प वकील सांगून हा वाचाळ प्राणी त्यांच्या गळ्यात कसा मारायचा? रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात टॅक्सी थांबली. काळा चष्मा लावलेल्या काकू काकांचा हात धरून उतरल्या. आतून भुंकणं सुरू झालं आणि काकू जागीच थबकल्या.

"कोण भुंकतंय गं?"

सुईताई आत धावली आणि तिनं दोरी धरली. तेवढ्यात कुत्रा तिला ओढतच बाहेर आला आणि काकूंच्या पायांत लोळायला लागला. काकूंनी खाली बसून त्याला कुरवाळलं. बोटं फाटक्या कानाशी आली.

"हे काय झालं?"

"मां... मांजर," सुईताई चाचरली.

"भांडला? माझा वकील भांडला?" काकूंचा आवाज कापायला लागला. "अहो ऐकलंत का, बोलायला लागला हा!"

"रडायचं नाही! अजिबात रडायचं नाही!" काका ओरडले. पण ते बघत होते कुत्र्याकडे, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

काकूंना आणि कुत्र्याला वर पोचवून काका परत खाली आले. त्यांनी दुकानाचं दार लावून घेतलं. सुईताईला वाटलं, संपलं सगळं. खोली गेली, दुकान गेलं, आणि इतक्या वर्षांची माया तर गेलीच गेली.

"हा कुठं सापडला तुला?" काकांनी हळूच विचारलं.

"बाजारामागच्या गॅरेजपाशी." तिचा बांध फुटला. "काका, पाया पडते तुमच्या, काकूंना इतक्यात सांगू नका. तुमचा वकील माझ्या हातून सुटला हो!"

काकांनी स्टूल ओढलं आणि मटकन बसले.

"वर जाऊन थेट पोराच्या पलंगाखाली शिरलाय तो," ते म्हणाले. "हाच खरा वकील. त्याच बाजारात माझ्या हातून सुटला होता, पोरगा गेला त्या वर्षी. तुझ्या हातून सुटला, तो मी हिला दिसत नव्हतं तेव्हा याच्या जागी आणून ठेवलेला दुसराच कुत्रा."