परसातला मध

आबांच्या पायाला मधाची पट्टी बांधली, की तो मध गोळा करणाऱ्या मधमाश्यांनी पाहिलेलं सगळं त्यांना स्वप्नात दिसे. हा दुष्परिणाम पट्टीच्या पाकिटावर छापलेलाच होता. पट्टीला लावायचा मध मात्र आबांच्याच परसातला, बायको इंदू हयात असतानाचा. त्यामुळे रोज दुपारी आबा शेवग्याच्या फुलांभोवती तरंगत आणि डोंगराएवढी इंदू पदर झटकून म्हणे, "हुश्श, जा मेल्या!" संसारातही ती त्यांच्याशी अशीच बोलायची.

"आबा, जखम भरली. आता पट्टी बंद," नर्सबाई म्हणाल्या.

"भरल्या कातडीवर बांधा की."

"नुसतं चिकट होईल. स्वप्नं जखमेतूनच आत जातात."

आबा घरी आले. जन्मात स्वयंपाकघरात न शिरलेला हा माणूस विळीवर बसला आणि सुनेला म्हणाला, "आण तो फणस. आज मी चिरतो."