टाकीतला गंज

ट्रॅक्टर पुन्हा बंद पडला. टाकीत साखळी घालून गंज खरवडला होता, तरी फिल्टर लाल गाळाने तुंबलेला.

"दादा, टाकी काठोकाठ भरत चला. रिकाम्या जागेत दमट हवा राहते, तिचंच पाणी होतं," मेकॅनिक करवादला. "पुढच्या वेळी मला नको, भंगारवाल्याला बोलवा."

"भरतोच की रे! बायको वारल्यापासून दुसरं करतोय काय?"

संध्याकाळी दादाने डिझेल तोंडापर्यंत भरलं. सकाळी झाकण उघडलं, तर डिझेल तसंच, पण झाकणाला आतून वाफ धरलेली. बायको चष्मा पुसण्याआधी काचेवर तोंडाची वाफ सोडायची, अगदी तशी.

त्याने चिडून झाकण कोरडं पुसलं आणि टाकीवर धरलं.

"आता पुरे कर गं!"

झाकण पुन्हा हळूच धुरकटलं. बोटांना ऊब लागली.