घरचं पाणी

"अहो, ती बाटली द्या इकडं. खोलीत ठेवून देते."

"राहू दे माझ्यापाशी," रंगनाथ म्हणाले.

नाशिक सोडल्यापासून तांब्याची ती बाटली त्यांनी मांडीवरून हलवली नव्हती. कुठंही जायचं तर पाणी घरचंच, ही त्यांची जुनी खोड. लग्नकार्यात लोक चेष्टा करायचे, "काय रंगनाथराव, आमच्या विहिरीत विष कालवलंय का?"

बंदराच्या जुन्या गावातलं हे चार खोल्यांचं हॉटेल. मूळची जकातीची कचेरी. जाड भिंती, सागवानी दारं, आणि पडक्या तटाआडून डोकावणारा समुद्र. ते शोधलं रंगनाथांनीच. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून सहलीच्या नावानं नाक मुरडणारा हा माणूस एका सकाळी म्हणाला, चल, समुद्र बघून येऊ. गावाचं नाव ऐकलं आणि सिंधुबाईंची पोळी तव्यावरच करपली.

याच गावच्या कोळ्याच्या पोराशी त्यांच्या लेकीनं, तेजस्विनीनं, परस्पर लग्न लावलं होतं. जावयाचं तोंडही सिंधुबाईंनी पाहिलं नव्हतं. "तिच्या घरच्या पाण्याचा थेंब घेणार नाही," रंगनाथ तेव्हा देवासमोर बोलून गेले. फोन बंद, येणं-जाणं बंद. पोरीचं नाव घरात मिठासारखं झालं. दिसायचं नाही, पण घासाघासात असायचं.

ताटं हॉटेलच्या मालकानं स्वतःच आणली. तिशी ओलांडलेला, सावळा, अबोल. वाढताना आमटी ताटाबाहेर सांडली.

"अगं बाई, काळा मसाला! इथं, कोकणात?" सिंधुबाईंनी बोट चाटलं.

"घाटावरचे पाहुणे येतात ना, मावशी," तो खाली बघत म्हणाला आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

सिंधुबाईंनी आवाज उतरवला. "जेवण झालं की जरा कोळीवाड्याकडं चक्कर मारू?"

"कशाला?"

"नुसतंच. दिसली तर लांबून बघेन. हाक नाही मारणार, शप्पथ."

"काही गरज नाही."

सिंधुबाईंचा घास तोंडातच फिरत राहिला. बाहेर भरती लागली होती. एवढा मोठा समुद्र, तोही दिवसातून दोनदा किनाऱ्याला भेटून जातो; या माणसाला मात्र पाझर म्हणून नाही. पदर डोळ्यांना लावावा म्हणून त्या वळल्या, तेवढ्यात रंगनाथ उठले. त्यांनी बाटलीचं झाकण काढलं आणि सगळं पाणी चाफ्याच्या कुंडीत ओतलं.

"अहो, हे काय! आता प्याल काय?"

त्यांनी ताटाजवळचा पेला उचलला.

"ते नका पिऊ, इकडचं पाणी मचूळ असतं. बाधेल!"

रंगनाथांनी पेला तळापर्यंत रिकामा केला. मिशा पुसल्या. मग दाराकडं वळून म्हणाले,

"जावईबापू, तेजूला बाहेर बोलवा. म्हणावं, बाबा पाणी प्याले."