चव घ्यायची पाळी

मंजुषानं खिचडीचा घास तोंडात घातला, चावला आणि गिळता गिळता थांबली. काहीतरी कडवट लागलं होतं. जिभेवर नाही, मागं, घशाच्या तोंडाशी.

"कशी झालीय?" लक्ष्मीबाईंनी विचारलं. पदराला हात पुसत त्या पातेल्याशी उभ्या होत्या. शाळेची खिचडी इतकी वर्षं त्याच रांधत होत्या, आणि या प्रश्नाला उत्तर असतं असं त्यांच्या गावीही नव्हतं.

मंजुषानं दुसरा घास घेतला. तो चांगला लागला. तिसरा पुन्हा कडू लागला, की लागेल लागेल म्हणून लागला, हे तिचं तिलाच कळेना.

शाळेच्या समितीवर पालकांमधून कोण येतंय, असं मुख्याध्यापकांनी जूनमध्ये विचारलं, तेव्हा सगळे आपापल्या चपलांकडं बघत बसले होते. हात वर केला तो मंजुषानं. घरी नवरा म्हणाला, लष्कराच्या भाकरी भाजायची तुला भारीच हौस. समितीतल्या एका पालकानं पोरांच्या आधी जेवण चाखायचं असतं, आणि आज तिची पहिली पाळी होती. चाखायचं म्हणजे दोन घास खायचे आणि छान म्हणून घरी जायचं, असं तिनं धरलं होतं.

"सर, तुम्ही जरा बघता का?"

मुख्याध्यापक श्रीधर सरांनी चमचाभर खिचडी खाल्ली. "मला सर्दी झालीय हो ताई. कालपासून चहासुद्धा नुसत्या गरम पाण्यासारखा लागतोय." त्यांनी चमचा खाली ठेवला. "समितीचं काय म्हणणं?"

समिती म्हणजे ती एकटीच तिथं उभी होती.

व्हरांड्यात पोरं रांगेनं बसली होती. ताटल्या वाजत होत्या. पडेगावच्या या वस्तीतली निम्मी पोरं सकाळी चहात पाव बुडवून शाळेत यायची, हे तिला ठाऊक होतं. तिसरीच्या रांगेत तिचा कृष्णा बसला होता. त्यानं लांबूनच हातानं विचारलं, काय झालं? तिला वाटलं, कृष्णाला काहीतरी निमित्त सांगून घरी पाठवावं आणि बाकीच्यांना वाढू द्यावं. असं आपल्या मनात आलंच कसं, म्हणून ती स्वतःलाच भ्याली.

"मावशी, कडू लागतंय," ती म्हणाली. "आज वाढू नका."

"मोहरी जरा जास्त झाली आसंल."

"मोहरीसारखं नाही लागत."

"मंग कशासारखं?"

मंजुषानं आणखी एक घास तोंडात घोळवून बघितला.

लक्ष्मीबाई जवळ आल्या, आवाज खाली आणला. "तुलाच सांगता येत नाय, अन् एवढी लेकरं उपाशी ठिवायलीस. उद्या सायब लोक येतील. कोण रांधतं विचारतील. म्हनतील, दुसरी बाई ठिवा. मंग म्या कुठं जायचं? एकाच गल्लीत ऱ्हातो गं आपण."

"माझं चुकलं तर सगळ्यांसमोर माफी मागीन मी."

"माफीनं काय व्हतंय."

त्यांनी एक ताटली घेतली, डावानं शिगोशीग भरली आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. इकडंतिकडं न बघता, घाई न करता खाल्ली. ताटली बोटानं पुसून घेतली आणि मंजुषाच्या पायाशी ठेवली.

"आता बघत बस माझ्याकडं."

सरांना एकदम हुशारी आली. "हे बरं केलंत. अर्धा तास थांबू. मावशींना काही झालं नाही, तर वाढून टाकू."

"आणि झालं तर?" मंजुषानं विचारलं.

सर फोन कानाला लावून ऑफिसकडं गेले.

ताटल्यांचा आवाज हळूहळू बंद पडला. एक लहान पोरगी कंटाळून रांगेतच आडवी झाली. वर्गांच्या दारांतून बाई लोक मंजुषाकडं बघत होत्या. ती लक्ष्मीबाईंच्या समोर बसली. देवा, कुणाला काही होऊ नये, असं ती मनात म्हणत होती. पण लक्ष्मीबाई धडधाकट होत्या. चांगला रंग होता चेहऱ्यावर. यांना काही झालंच नाही, तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार, समितीवर काय गेली, डोक्यात हवा गेली हिच्या. कृष्णाला पोरं वर्गात बसू देणार नाहीत. ती लक्ष्मीबाईंच्या कपाळाकडं बघू लागली. घाम आलाय का? तो चुलीपुढचाच असेल. ओठ कोरडे पडलेत का? ते तर नेहमीचेच.

लक्ष्मीबाईंनी बसल्या जागी अंग हलवलं आणि हात पोटाकडं नेला.

मंजुषाच्या जिवात जीव आला. सकाळपासून पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास घेता आला. तो तिनं इतका मोठ्यानं घेतला, की लक्ष्मीबाईंना ऐकू गेला.

त्यांनी कमरेशी सुटलेला पदर खोचला. मग मान वर करून तिच्याकडं बघत राहिल्या.

"माझं पोट दुखावं म्हनून देव पाण्यात घालून बसलीस व्हय गं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मंजुषानं तोंड उघडलं, पण नाही म्हणणं काही तिला जमेना.