पूजेला गैरहजर पट्टा

"आज न्हाई जमायचं, मामी. लेथला कुंकू लागलंय," अंबाजी म्हणाला.

खंडेनवमी होती. लोणावळ्याच्या एका कारखान्यात मालकांनी सकाळीच यंत्रांची पूजा उरकली होती. पूजलेलं यंत्र दसरा उजाडेपर्यंत चालवायचं नाही, हे अंबाजीला पक्कं ठाऊक होतं. लेथवर लोखंड कातणारा आधीचा टर्नर हौशीराम, त्यालाही ठाऊक होतं. तरी त्यानं एका खंडेनवमीला लेथ चालवला, दोन बोटं घालवली आणि आता तो स्टेशनावर चिक्की विकत होता. चिक्की चांगली असायची. पण अंबाजीला टर्नरच राहायचं होतं.

समोर त्याची सासू झुंबरबाई उभी होती. वडगावात तिची पिठाची गिरणी. गिरणीच्या चाकाची पिन मोडली होती. मोडके तुकडे तिनं लेथवरच्या झेंडूत ठेवले.

"जावईबापू, पिन आजच पायजे. न्हाई झाली तर सरूला न्यायला दिवाळीपर्यंत येऊ नका."

सरू माहेरी गेल्यापासून अंबाजी स्वतःच भाकरी थापत होता. त्या गोल होत. तेवढंच.

त्यानं इंजिनवाल्या निजामकडं बघितलं. निजामनं विडी कानावर खोचली.

"पूजेला पट्टा कुटं व्हता?"

अंबाजी थबकला. इंजिनाच्या जोरावर लेथ फिरवणारा जुना पट्टा सटकत होता म्हणून त्यानं तो पूजेआधीच उतरवला होता. लढाईमुळं चामडं सगळं पलटणीकडं जाई, त्यातून कसाबसा मिळालेला नवा पट्टा अजून खिळ्यालाच लटकत होता. कोरा. कुंकवाचा ठिपका नाही.

"आन् इंजिन?" अंबाजीनं विचारलं.

"तापलं व्हतं. मालकांनी लांबूनच हात जोडले. त्याला काय पूजा म्हनत्यात? काम इंजिन करंल, पट्टा करंल. लेथ नुसता बसून फिरंल."

शास्त्र बिनतोड होतं. अंबाजीनं नवा पट्टा पुल्यांवर चढवला, त्याची टोकं चामड्याच्या वादीनं शिवली. निजामनं इंजिन चालू केलं. पट्टा सैल पडला. तो एकटाच सरकत राहिला आणि लेथ खरोखरच नुसता बसला.

"दोन बोटं काप, अंबाजी!" निजाम ओरडला.

अंबाजीनं आधी दोन्ही हात खिशात घातले. मग त्याला उमगलं. इंजिन थांबवून त्यानं पट्टा दोन बोटं आखूड केला, पुन्हा शिवला, पकड यावी म्हणून आतून राळ भुरभुरली.

या वेळी लेथ फिरला. झेंडू चौफेर उडाले. अंबाजीला देवाचं नाव घेऊन डोळे मिटायचे होते, पण मग बोटांवर लक्ष कोण ठेवणार?

पिन झाली. बोटं होती तिथंच होती.

"घ्या, मामी," तो घाम पुसत म्हणाला. "लागा दळायला."

"दळायला?" झुंबरबाईनं पिन पदरात बांधली. "पूजा करायचीय गिरणीची. मोडक्या गिरणीला कुंकू कसं लावू? आन् खंडेनवमीला यंत्र चालवाय मी काय तुमच्यासारखी हाय व्हय?"