डाव्या भिंगातला डाग

सकाळपासूनचा हा सहावा. पंचांनी हेडसेट डोक्यावरून काढला, लाल क्रेटमध्ये ठेवला आणि वहीत लिहिलं: डाव्या भिंगात राखाडी डाग, नापास.

दुरुस्ती केंद्रात परत आलेला प्रत्येक व्हीआर हेडसेट त्यांच्या टेबलावरून जाई. हिरव्या क्रेटमधला पुन्हा विक्रीला, लाल क्रेटमधला कारखान्याला. त्यांचा निकाल शेवटचा, म्हणून तर सगळे त्यांना पंच म्हणत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि ती नावाला बट्टा न लागता काढायची एवढीच त्यांची इच्छा होती.

या यंत्रावर त्यांचा जीव होता आणि रागही. दहा बाय दहाच्या खोलीत बसून माणूस समुद्राच्या तळाशी जाऊन येतो, मासा अंगावर आला की खुर्चीत मागे सरकतो, ही काय साधी गोष्ट झाली? पण अर्ध्या तासात मान अवघडते, गालावर वळ उठतात, दोन तासांत बॅटरी राम म्हणते, आणि चष्मेवाल्यांनी तर याच्या नादालाच लागू नये. परत आलेल्या सेटसोबतच्या चिठ्ठ्यांवर गिऱ्हाइकं हेच लिहीत: जड आहे, गरगरतं. डागाबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे. गिऱ्हाइकाला काय कळतंय, असं पंचांचं मत होतं. त्यासाठी आधी एका भिंगात, मग दुसऱ्या भिंगात कोरा पांढरा पडदा लावून बघावं लागतं.

दुपारी ते विक्रीला निघालेल्या पेट्यांच्या थप्पीपाशी सहज थांबले. वरच्या पेटीवरचा नंबर ओळखीचा निघाला. काल त्यांनीच नापास केलेला सेट हिरवी चिठ्ठी लावून चालला होता. खाली सही नवीची.

नवीला येऊन वर्ष होत आलं होतं, तरी नाव तेच राहिलं. पंचांनीच तिला काम शिकवलं होतं, अगदी भिंग कसं पुसायचं इथपासून. तिचा डबा ते हक्काने उघडत. तिच्या पगारावर धाकट्या भावाचं शिक्षण चालतं हेही त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी लाल क्रेट बांधून कारखान्याला पाठवायचं काम तिचं.

"तो सेट मी बाद केला होता," चहा घेताना ते म्हणाले.

"मी परत बघितला, काका. मला स्वच्छ दिसला."

"निकाल कोणी द्यायचा?"

"तुम्हीच."

"मग?"

ती कप विसळत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही दमलेले दिसता. दोन दिवस सुट्टी काढा ना. डॉक्टरांकडे जाऊन या."

हे ती तिसऱ्यांदा म्हणत होती. पोरीला आपली खुर्ची हवी आहे, हे पंचांना आत्ता कुठे उमगलं. नाकापेक्षा मोती जड होतो तो असा. त्यांना वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त संताप आला.

त्यांनी आजच्या सहाही सेटचे नंबर एका चिठोऱ्यावर उतरवून खिशात ठेवले. दुसऱ्या दिवशी दहा वाजता थप्पी तपासली. सहाही तिथे होते, सहाही हिरवे. ते तडक मॅनेजरच्या खोलीत गेले आणि बाद केलेला माल विक्रीला जातोय अशी तक्रार केली.

"पण पंच, नापास माल आपल्या केंद्रात सगळ्यात कमी निघतो," मॅनेजर म्हणाला. "वरून शाबासकीचं पत्र आलंय."

"कमी? मी रोज पाच-सहा बाद करतोय."

मॅनेजरने नवीला बोलावलं. ती दारातच उभी राहिली.

"पंचांनी बाद केलेले सेट तू पास करतेस?"

"हो."

"कधीपासून?"

"चार महिने झाले."

"कशासाठी?"

ती पंचांकडे बघत राहिली.

"मी सांगतो," पंच म्हणाले. "स्वतःचा आकडा फुगवायला. साहेब, इथे एक तर ही राहील नाही तर मी."

मॅनेजरने टेबलावरचा सेट उचलून तोंडाशी नेला. तो चष्म्याला अडला. त्याने तो परत ठेवला. "मला यातलं काही दिसायचं नाही. पंचांच्या शब्दावरच हे केंद्र चालतं. आता तूच बोल, ते खोटं सांगतायत का?"

"नाही," ती म्हणाली. "काका कधीच खोटं बोलत नाहीत."

"मग ओळखपत्र ठेव आणि नीघ."

तिने गळ्यातलं ओळखपत्र काढलं. दोरी वेणीत अडकली, ती तिने ओढून सोडवली. पंच खिडकीबाहेर बघत राहिले. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, ते काही वाटेना. ती बाहेर पडल्यावर त्यांना राहवलं नाही. ते जिन्यापर्यंत तिच्या मागे गेले.

"थांब. साहेबांसमोर गप्प बसलीस. आता मला सांग. इतक्या सेटमधल्या एकातही तुला डाग दिसला नाही?"

"नाही, काका."

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय, पोरी."

मॅनेजरचं दार बंद आहे ना, ते तिने आधी बघून घेतलं. मग आवाज खाली आणला. "एक करा. उजवा डोळा हाताने झाका आणि माझ्या तोंडाकडे बघा."

हा काय पोरखेळ, असं पुटपुटत पंचांनी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला. जिना दिसला. कठडा दिसला. तिच्या खांद्यावरची पिशवी दिसली. आणि खांद्यांच्या वर, तिचा चेहरा असायला हवा होता तिथे, राखाडी डाग होता.