घाटातला वाटाड्या

पाचव्या वळणाशी मेसेज अडकला. काजलने मोबाइल खिडकीबाहेर धरला, स्टुलावर चढून पत्र्याशी नेला. नेट गेलं ते गेलंच. बाहेर ओसरीवर तिचे सासरे गिरधरनाना संगणकासमोर खेळायचं स्टिअरिंग धरून बसले होते आणि पडद्यावर त्यांचा केळीचा ट्रक घाट उतरत होता. खेळ संगणकातच होता, त्याला नेटची गरज नव्हती, त्यामुळे ट्रक काही थांबेना.

"अरे भाऊ, कोठे गया तू? बोल ना!" नाना पडद्यावर ओरडले.

भाऊ म्हणजे पुण्याचा कुणी पोरगा, असं नानांचं ठाम मत. भाऊ होता स्वयंपाकघरात, हाताला कणीक लागलेली आणि डोक्यावर पदर.

तापीकाठच्या या घरात सून सासऱ्याशी बोलत नाही. भांडण नाही, राग नाही, रीत आहे. चहा झाला की काजल सासूला सांगते, सासू दगूबाई चार हातांवर बसलेल्या नानांना सांगते, आणि साखर कमी पडली तर तक्रार त्याच वाटेने परत येते. लग्नाला तीन वर्षं झाली, नानांनी सुनेचा आवाज धड ऐकलेला नाही.

एसटीतून निवृत्त झाल्यावर नानांना घर खायला उठलं. मुलगा धीरज सुरतेला नोकरीला. त्याने जुन्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली टाकून दिली, कारण ती फुकट मिळते आणि म्हाताऱ्या यंत्रावरही पळते. त्यावर खेळ कुठले चालणार, असं लोक म्हणायचे. पण हौशी मंडळींनी ट्रकचा एक गाजलेला खेळ खटपट करून लिनक्सवर आणला, आणि तो खेळणाऱ्यांचा मराठी ग्रुपही निघाला. तिथे दिवसभर खल. कुणाचं स्टिअरिंग उलटं फिरतं, कुणाचा ट्रक नव्या आवृत्तीत हवेतच तरंगतो, कुणी छातीठोकपणे सांगतो की मूळ खेळापेक्षा आपलाच जास्त पळतो. नानांनी पहिल्याच दिवशी लिहिलं, 'गाडी चालते, हॉर्न वाजत नाही. तीस वर्षं धडगावच्या घाटात एसटी चालवली आहे. हॉर्नशिवाय वळण घेणार नाही.'

काजल कॉलेजात संगणकच शिकलेली. तिने 'वाटाड्या' नावाने ग्रुपवर येऊन तीन ओळींत उपाय कळवला. हॉर्न वाजला, आणि सगळ्या गल्लीला कळला.

तेव्हापासून चार महिने रोज दुपारी दोघांच्या गप्पा. नाना घाटातल्या गमती लिहायचे. बसमध्ये बकरी व्यायली, तेव्हा कंडक्टरने पिलांचंही तिकीट फाडलं, असलं काहीबाही. काजल त्यांची चेष्टा करायची, चुकले की दटावायची. एकदा नानांनी लिहिलं, 'भाऊ, तुझ्यासारखं हुशार पोरगं आमच्या घरात पाहिजे होतं.' काजल इतकी हसली की दूध उतू गेलं.

हे बोलणं तिला जिवापाड आवडायचं. माहेरी खापरला ती बापाशी तासन्‌तास गप्पा ठोकायची. इथे तेवढं एकच दार उघडं होतं. खरं कळलं तर नाना शरमेने ग्रुप सोडतील आणि तेही दार बंद होईल, ही तिला धास्ती.

आणि आज नेमकी ग्रुपची स्पर्धा. ड्रायव्हरने रस्ता पाहायचा, नकाशा जोडीदाराकडे, त्याने मेसेजवर वळणं सांगायची; नानांचा जोडीदार अर्थात वाटाड्या. फेरी एकच, तिचं चित्रण नंतर ग्रुपवर टाकायचं. 'एसटीवाले नाना, तुम्ही डेपोतच बरे,' असं पोरांनी आठवडाभर चिडवलं होतं. नाना काल नीट जेवलेही नव्हते.

काजल उंबऱ्याशी धावली. दगूबाई तिथे लसूण सोलत होत्या.

"आई, नानासले सांगा, मोरीजवळ गाडी हळू घ्या!"

"कसानी मोरी? आपली न्हाणीनी?"

"सांगा ना आई, लवकर!"

दगूबाईंनी हातातली पाकळी सोलून पुरी केली, मग मान वळवली. "आहो, सून म्हनस, मोरीजवळ गाडी हळू घ्या."

तोवर ट्रकने घाटातल्या ओढ्यावरच्या मोरीचा कठडा घासला होता आणि केळीचे चार घड दरीत गेले होते. सुनेला मोरी कशी माहीत, हे विचारायला नानांना फुरसत नव्हती. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "गये! समदं गये!" ते पुटपुटले. त्यांचा पडलेला चेहरा काजलला दारातून दिसला.

सातवं वळण आलं. डावीकडे चकचकीत डांबरी रस्ता, आणि नकाशात त्याच रस्त्यावर पुढे तुटलेला पूल. नाना डावीकडेच वळू लागले. आता दगूबाईंना सांगून त्यांनी मान वळवेपर्यंत ट्रक थेट नदीत.

काजलने उंबरा ओलांडला.

"नाना, डावीकडे नका जावू! उजवा हातना कच्चा रस्ता धरा!"

दगूबाईंच्या हातातला लसूण सुपात पडला. शेजारची शांतीबाई ताक मागायला आली होती, ती अंगणातच थबकली. काजलने पदर पुढे ओढला. संपलं, तिच्या मनात आलं, आजपासून गप्पाही गेल्या आणि अब्रूही गेली. पडद्यावर ट्रकचे ब्रेक किंचाळत होते.

नानांनी मागे वळून पाहिलं नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरून ते तिथूनच ओरडले,

"जरा जोरमा बोल व बेटा, या ब्रेकना आवाजमा काई आयकू येत नई!"